तिसऱ्या टेकडीवरची फीत

मास्तरांनी जन्मात कुणाचं वाकडं केलं नाही, असं त्यांच्याबद्दल सगळे सांगतात. ते पुरतं खरं नाही. एकदा त्यांनी एका वकिलाच्या कोटाची डावी बाही पाऊण इंच आखूड कापली होती, आणि ती मुद्दाम कापली होती, कारण माप देताना वकील त्यांच्या बायकोशी उद्धटपणे बोलला होता. तेवढा एक अपराध सोडला तर माणूस धुतल्या तांदळासारखा. अशाच माणसांच्या वाट्याला नेमकं काय येतं, ते आता ऐका.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. चौकाच्या कोपऱ्यावर दुकान, दुकानाच्या वर दोन खोल्यांचं घर. दुकानात दोन मशिनं, खिडकीजवळचं मास्तरांचं आणि आतलं बायकोचं. मधे कापायचं टेबल, त्यावर खडू, टेप, आणि मास्तरांखेरीज कुणीही हात लावायचा नाही अशी एक लांब कात्री. काज-बटण आणि गिऱ्हाइकांची तोंडं बायको सांभाळायची. आज देतो म्हणून चार दिवस फिरवायची जी शिंप्यांची जगभर ख्याती आहे, ती या दुकानाला लागू नव्हती. बुधवार म्हणजे बुधवार. त्यापायी मास्तर बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मशिनवर असे वाकले, की उभं राहिल्यावरही बसल्यासारखे दिसायला लागले.

डॉक्टर म्हणाले, "चाला. पळा. काहीही करा, पण त्या स्टुलावरून उठा."

मास्तर घरी येऊन बायकोला हे सांगत होते तेव्हा मोरीत एक माणूस आडवा होऊन पाईप बसवत होता. तो तिथूनच म्हणाला, "उद्या सकाळी सहाला हाक मारतो. तयार राहा."

हा नळवाला. मास्तरांहून वर्षाने लहान, उंच, हाडापेराचा, आणि बोलायला मोकळा. गावातले निम्मे नळ त्याने बसवलेले, उरलेले निम्मे त्याने दुरुस्त केलेले. तिसऱ्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे, तिची किल्लीही त्याच्याच कमरेला; तिथवर तो आपल्या स्कूटरने जायचा. दुसऱ्या दिवशी सहाला त्याने हाक काही मारली नाही. भिंतीवरून खाली येणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या पाईपवर पान्याने तीनदा ठोकलं. टण, टण, टण. सगळी आळी जागी झाली. त्यानंतर सतरा वर्षं तो पाईप रोज सकाळी सहाला तीनदा वाजत आला. समोरच्या म्हातारबाईंनी तर घड्याळाला किल्ली देणंच सोडून दिलं होतं.

या नळवाल्याच्या हाताला एक खोड होती. नळाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळतात ना, तसंच तो जगातलं सगळं काही गुंडाळायचा. पुडक्याचा दोरा असो, पिशवीचं तोंड असो, गाठ म्हणून मारायचा नाही. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला अर्धा झाकणारा, असे साडेतीन वेढे, आणि शेवट अंगठ्याने आत दाबलेला. एकदा मास्तरांचं बोट सुईखाली आलं, तेव्हा पट्टीसुद्धा त्याने तशीच बांधली. डॉक्टर पट्टी बघून म्हणाले, "हे बोट आहे की नळ?" मास्तर त्याला चिडवायचे, "लेका, एखादी गाठ मारायला शीक." तो म्हणायचा, "गाठी शिंप्यांनी माराव्यात. आम्ही आवळतो."

चालता चालता दोघं पळायला लागले आणि पळता पळता टेकड्यांच्या शर्यतीत उतरले. ही शर्यत पानगळ सुरू झाली, थंडी बोचायला लागली की असते. चौदा किलोमीटर, तीन टेकड्या, सडक जवळजवळ नाहीच. दगड, मुळं, ओढा, निसरडा उतार आणि पायाखाली काय आहे ते झाकून ठेवणारी वाळलेली पानं. पन्नाशी ओलांडलेल्यांचा गट वेगळा, त्यांना तरुणांच्या आधी सोडतात. त्या गटात जो पहिला येईल त्याचं नाव क्लबाच्या खोलीतल्या लाकडी पाटीवर रंगवतात.

त्या पाटीवर गेल्या सात वर्षांपैकी सहा वेळा नळवाल्याचं नाव होतं. त्या सहाही वेळा दुसरे आले मास्तर. दुसऱ्याचं नाव कुठे रंगवत नाहीत. क्लबातले लोक त्यांना उपमास्तर म्हणत, आणि दोघं एकत्र दिसले की "आली बघा सुई, मागून दोरा" असं कुणीतरी हमखास म्हणायचंच. मास्तर हसायचे. हसू खरं असायचं, पण पाटीवरची नजर लवकर निघायची नाही. शिंप्याचीच नजर ती. पाटीवर तळाशी एकाच ओळीची जागा उरली आहे, उंची साडेतीन बोटं, हे त्यांनी मनातल्या मनात मोजून ठेवलं होतं.

आणि हे साल शेवटचं होतं. मास्तर एकोणसाठ पूर्ण करत होते. साठीच्या पुढे घड्याळ लावत नाहीत, पोचणाऱ्या प्रत्येकाला एक पदक देतात आणि टाळ्या वाजवतात. मास्तरांना त्या टाळ्यांची धास्ती वाटायची. ती ओळ मिळाली तर आत्ता, नाहीतर कधीच नाही.

यंदा ती मिळण्यासारखी होती, कारण नळवाल्याचा गुडघा गेला होता. वसंतात एका इमारतीच्या तळघरात तो शिडीवरून घसरला, शस्त्रक्रिया झाली, आणि पळणं बंद म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं. मास्तरांना वाटलं, आता पाईप वाजायचा नाही. पण महिन्याभराने पुन्हा टण, टण, टण. मास्तर धावत खाली आले तर नळवाला काठी घेऊन उभा, गळ्यात स्टॉपवॉच.

"मला नाही पळता येत," तो म्हणाला, "पण तुला पळवता येतं. यंदा त्या पाटीवर तुझं नाव."

वरून खिडकीतून बायकोने हे ऐकलं. नाश्त्याला ती मास्तरांना म्हणाली, "सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतात भाऊजी." मास्तरांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांना सख्खा भाऊ होता, आणि तो वर्षातून एकदा फोन करायचा.

सहा महिने नळवाल्याने त्यांना पिळून काढलं. स्वतः पुलाच्या कठड्यावर बसायचा आणि मास्तरांना टेकडीवर सोडायचा. "चढावर लहान पावलं टाक. उतारावर पायाकडे बघू नकोस, चार हात पुढे बघ. तू टाचा आपटतोस, म्हशीसारखा." मास्तर परत आले की मिनिटं-सेकंद ओरडून सांगायचा, इतक्या जोरात की पुलावरून जाणारे सायकलवालेही ऐकायचे. दर आठवड्याला आकडा खाली यायचा. शर्यतीच्या आधीच्या रविवारी मास्तर तिन्ही टेकड्या करून आले तेव्हा त्यांना स्वतःलाच कळलं होतं, की आज पाय वेगळे पडले. धापा टाकत त्यांनी विचारलं, "किती?"

नळवाला स्टॉपवॉचकडे बघत राहिला. मग ते खिशात टाकत म्हणाला, "बंद पडलं मेलं. सेल गेला बहुतेक."

"अंदाजे?"

"ठीक होतं," तो म्हणाला. "बरं होतं." आणि काठी टेकत तो पुढे चालायला लागला. त्या दिवशी पुलापासून चौकापर्यंत त्याने एक चकार शब्द काढला नाही. गुडघा दुखत असेल, असं मास्तरांना वाटलं. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला त्याच्यासाठी शेकायची पिशवी शिवायला सांगितली.

आता या शर्यतीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रितीवर आहे. पहिल्या दोन टेकड्यांची वाट ठरलेली, ती सगळ्यांना पाठ. पण तिसऱ्या टेकडीच्या माथ्यापासून खाली शेवटपर्यंतचा तुकडा दर वर्षी नवा आखतात. तो आखायचा न पळणाऱ्यांनी, आदल्या दिवशी, आणि पळणाऱ्याने तिकडे फिरकायचं नाही. एका वर्षी एक ड्रायव्हर आदल्या संध्याकाळी दुर्बीण घेऊन समोरच्या टेकडीवर सापडला होता, त्याला तीन वर्षं बाहेर बसवलं. वाट दाखवतात ती फितींनी. झाडाला, झुडपाला भगव्या फिती बांधत जायचं आणि धावणाऱ्याने फक्त फितीवर भरवसा ठेवायचा. त्या फिती मास्तरांच्याच दुकानातून जायच्या. अस्तराच्या उरलेल्या कापडाच्या, वीतभर लांबीच्या, धागे सुटू नयेत म्हणून टोकं तिरकी कापलेल्या.

यंदा नवा तुकडा ड्रॉइंगच्या बाईंनी आखला. शाळेतून निवृत्त झालेल्या, हौशी, प्रत्येक फीत सुरगाठीने बांधायच्या, दोन कान एकसारखे काढून, लहान मुलींच्या वेण्यांना बांधतात तशी. नळवाल्याकडे काम दिलं होतं शेवटच्या रेषेवरचं. पोचलेल्याच्या अंगावर घोंगडी टाकायची आणि हातात चहा द्यायचा.

शर्यतीच्या दिवशी सकाळी इतकी थंडी होती की गवतावर पांढरं बसलं होतं. धुकं टेकड्यांच्या कमरेपर्यंत. पन्नाशीवाले एकवीस जण रेषेवर उड्या मारत होते, तोंडातून वाफा निघत होत्या. मास्तरांच्या शेजारी बँकेतला कॅशियर होता, मऊ माणूस, तिसऱ्या नंबराची सवय झालेला. नळवाला आला, मास्तरांच्या बुटाच्या नाड्या वाकून तपासल्या, खांद्यावर थाप मारली.

"जा," तो म्हणाला. "मी खाली घोंगडी घेऊन उभा आहे."

मास्तर पहिल्या टेकडीवर चौथे होते. दुसऱ्या टेकडीच्या चढावर त्यांनी लहान पावलं टाकली आणि एकेकाला मागे टाकलं. ओढ्याचं पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा इतकं गार लागलं, की पाय आपले आहेत की दुसऱ्याचे ते कळेना. कॅशियरला त्यांनी तिसऱ्या टेकडीच्या पायथ्याशी गाठलं. कॅशियर बाजूला झाला आणि म्हणाला, "जा मास्तर, आज तुमचं आहे." पुढे कुणी नव्हतं. सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना समोर कुणाची पाठ दिसत नव्हती. त्यांना थोडं चुकल्यासारखंही वाटलं, खरं सांगायचं तर. ती उंच पाठ समोर असायची, डावा खांदा जरा उतरलेला. त्या खांद्यासाठी ते त्याच्या प्रत्येक कोटात आतून थोडा कापूस घालायचे, त्याला न सांगता.

माथ्यावर धुकं दाट होतं. टाकी कुठेतरी वरच्या अंगाला होती, पण दिसत नव्हती. नवा तुकडा सुरू झाला. एक फीत, दुसरी, तिसरी, सगळ्या दोन कानांच्या. टाकीच्या जरा खाली वाट फुटली. एक वाट उजवीकडे झाडीत, एक डावीकडे खाली. फीत डावीकडच्या फांदीला होती. मास्तर डावीकडे वळले. पळणारा माणूस फीत कुणी कशी बांधली ते बघत नाही, तिचा रंग बघतो. दोनेक मिनिटांनी झुडपाला आणखी एक दिसली, त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी पाय मोकळे सोडले. मागे, वरच्या बाजूला, एक स्कूटर सुरू झाल्यासारखी वाटली. दूधवाला असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि गेलं.

मग फीत दिसेना. एक मिनिट, दोन, चार. वाट अरुंद झाली, मग दगडांची झाली, आणि मग संपली. समोर जुनी खाण होती, तिच्या तळाशी हिरवं पाणी, आणि पलीकडे उभा कडा. मास्तर काठावर उभे राहिले. उतारावर त्यांनी इतका वेग दिला होता, की परत चढायला दुप्पट वेळ लागणार, हे त्यांना तिथेच कळलं. ओठांपर्यंत शिवी आली. पण कुणाला द्यायची ते माहीत नसल्याने ती त्यांनी स्वतःलाच दिली.

परत चढताना ती झुडपावरची फीत आली. बाईंची चूक दुसऱ्या कुणाला भोवू नये म्हणून त्यांनी ती काढायला हात घातला. सुरगाठ एका टोकाला ओढली की सुटते, म्हणून त्यांनी टोक शोधलं. टोक नव्हतं. गाठच नव्हती. फीत फांदीभोवती घट्ट आवळलेली होती, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला अर्धा झाकणारा, आणि शेवट अंगठ्याने आत दाबलेला. मास्तरांनी वेढे सोडवले. मोजायचे नव्हते, पण बोटांनी आपसूक मोजले. साडेतीन.

माणूस असा असतो बघा. डोळ्यांनी बघितलेलं, बोटांनी मोजलेलं, तरी मास्तर मनात म्हणाले, दुसऱ्या कुणाचीही खोड असेल. गावात काय एकच नळवाला आहे? ते पुढे चढले. फाट्यावर पोचले. डावीकडच्या फांदीवर आता काही नव्हतं. फीत उजवीकडच्या वाटेवर होती, जिथे बाईंनी ती काल बांधली असणार. पण आता तिला कान नव्हते. तीही आवळलेली होती. खालच्या ओल्या मातीत उजवीकडे गेलेले बुटांचे ठसे होते, आठ-दहा जणांचे तरी, आणि त्यांच्या कडेने एक वाटोळी खूण, काठीच्या टोकाची.

मास्तर तिथे किती वेळ उभे राहिले, ते त्यांनाही सांगता येत नाही. शर्यत डोक्यातून गेली होती. त्यांना तो एप्रिलमधला दिवस आठवत होता, काठी घेऊन उभा असलेला नळवाला, गळ्यात स्टॉपवॉच घातलेला. पाय पुढे न्यायला त्यांना अक्षरशः हाताने मांडीवर दाबावं लागलं. उरलेला तुकडा ते धावले म्हणजे नुसते उतरले. रडले का? रडले. धुक्यात कोण बघतंय.

शेवटच्या रेषेवर ते अकरावे आले. टाळ्या वाजल्या. ज्या टाळ्यांची त्यांना धास्ती होती, अगदी त्याच.

कॅशियर धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकलेल्या माणसाचा आनंद नव्हता, चोरी पकडल्यासारखा भाव होता. "मास्तर, तुम्ही तर चार मिनिटं पुढे होता. गेलात कुठे?"

"खाणीकडे."

ड्रॉइंगच्या बाई गर्दीतून पुढे झाल्या. "खाणीकडे? अहो, मी फाट्यावर उजवीकडेच बांधली होती फीत. अगदी दोन कान काढून. कुणी हलवली की काय? तसं असेल तर सांगा मास्तर, मी आत्ता वर जाऊन बघते. निकाल थांबवू."

"थांबवा," कॅशियर म्हणाला. "मला नको असला पहिला नंबर."

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांच्या उजव्या मुठीत ती फीत होती, आवळलेल्या वेढ्यांच्या चुण्या तिच्यावर अजून तशाच होत्या. मूठ उघडली असती तर पुरे होतं. गावात असं कोण होतं, ज्याच्या घरातला एखादा तरी पाईप त्या हाताने आवळलेला नव्हता? बाईंनी ती एका नजरेत ओळखली असती.

"धुकं होतं," मास्तर म्हणाले. "माझीच नजर चुकली. कॅशियरसाहेब, नंबर तुमचाच."

का म्हणाले, ते विचारू नका. काही माणसांना दुसऱ्याची अब्रू जाताना स्वतःचीच लाज वाटते.

लोक पांगले. नळवाला घोंगडी घेऊन आला. इतका वेळ तो टेबलामागे कप पुसत होता, एकच कप. घोंगडी त्याने मास्तरांच्या खांद्यावर टाकली. "धुकं फार होतं आज," तो म्हणाला.

मास्तरांनी मूठ पुढे केली आणि फीत त्याच्या तळहातावर ठेवली.

नळवाल्याने खाली बघितलं. मग त्याचे हात आपसूक चालले. त्याने ती फीत स्वतःच्या तर्जनीभोवती गुंडाळली. एक, दोन, तीन, अर्धा. अंगठ्याने शेवट आत दाबला. मग दोघांनीही त्या बोटाकडे बघितलं.

"गेल्या रविवारी स्टॉपवॉच बंद नव्हतं पडलं," नळवाला म्हणाला, हळू, मान वर न करता. "माझ्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा तू तीन मिनिटं आधी आलास. माझा गुडघा धड होता तेव्हाच्या वेळेपेक्षा. तेव्हापासून मला झोप नाही."

"तूच तयार केलंस मला."

"हो ना. मला वाटलं होतं तू जिंकशील. मी नव्हतो म्हणून जिंकशील, असं वाटलं होतं. लोकही तसंच म्हणाले असते. पण तू मी असतानाही जिंकला असतास रे. मग त्या सहा ओळींना काय अर्थ राहिला?" तो थांबला. "तू अकरावा यावास असं नव्हतं माझ्या मनात. देवाशपथ. मला वाटलं, पुढची फीत नाही दिसली की फिरशील, दोन-चार मिनिटं जातील. दुसरा येशील. तुला दुसराच ठेवायचा होता मला. एवढंच."

मास्तरांनी घोंगडी खांद्यावरून काढली, चार घड्या घातल्या, कडा जुळवल्या आणि टेबलावर ठेवली. खाणीच्या काठावर आली होती तेवढीही शिवी आता आली नाही. "दुसराच ठेवायचा होता" हे तीन शब्द मात्र घरापर्यंत त्यांच्या बरोबर चालत आले.

घरी बायकोने गरम पाण्यात त्यांचे पाय घातले आणि सगळं ऐकून घेतलं. मग शेकायची पिशवी तिने कपाटातून काढली, अर्धी शिवून झालेली होती ती, आणि उसवायला घेतली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "कापड कशाला वाया घालवतेस."

"सख्खा भाऊ म्हणाले होते मी त्यांना," ती म्हणाली, आणि उसवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पाईप वाजला. टण, टण, टण.

मास्तर जागेच होते. पाय सवयीने पांघरुणाबाहेर आले आणि जमिनीला टेकले. तिथेच थांबले. थोड्या वेळाने पुन्हा तीन ठोके पडले, जरा हळू. सतरा वर्षांत दुसऱ्यांदा ठोकायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

बायको उठली, शाल गुंडाळली आणि खिडकी उघडली. गार हवा खोलीभर आली. खालून आवाज आला, "वहिनी, मास्तर?"

तिने एकदा मागे वळून मास्तरांकडे बघितलं. ते पलंगाच्या कडेला बसले होते, एक बूट हातात. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"ते कधीच पुढे गेलेत भाऊजी," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

मास्तर उठून पडद्याआड उभे राहिले. खाली नळवाला क्षणभर पाईपला हात लावून उभा होता. मग त्याने पाना खिशात टाकला, काठी सरळ धरली आणि टेकडीच्या दिशेने निघाला. पहिले काही हात चालत, मग, डॉक्टरांनी काय लिहून दिलंय ते विसरून, लंगडत लंगडत पळत. पुढे गेलेल्या मास्तरांना गाठायला. त्याचा डावा खांदा पूर्वीपेक्षाही उतरला होता. एक हाक मारली असती तरी तो थांबला असता.

मास्तरांनी हाक मारली नाही. ते खाली दुकानात गेले, मशिनसमोर बसले, सुईत दोरा ओवला. पण मशिन चालवलं नाही, रस्त्यावर आवाज गेला असता. आळी पुरती जागी होईपर्यंत ते पायपट्टीवर पाय ठेवून तसेच बसून राहिले.